सूत्रे सोपवताना : कवळाणा, अमळनेर आणि आपण

आषाढातल्या शेवटच्या रविवारी मंडळाची पहिली सभा झाली. विषय नेहमीचेच होते : मंडपाची परवानगी, मूर्तीची उंची, महाप्रसादाचा आचारी, स्मरणिकेच्या जाहिराती. आयत्या वेळच्या विषयांत आमचे खजिनदार काका उभे राहिले आणि म्हणाले, "यंदाचा चोपडा मी लिहितो. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी लिहावा. डोळे आता साथ देत नाहीत."

क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग एकदमच बोलू लागले. "काका, तुमच्याशिवाय कसं होणार?" "अजून दोन वर्षं तरी बघा." "तुम्ही नुसते बसा, लिहायला मुलं आहेत." काकांविषयीचे प्रेम त्यात होतेच. पण मग चोपडा घेणार कोण, हा प्रश्न कुणीही विचारला नाही. आम्हीही नाही. सभा चहा-पोह्यांवर संपली.

मांजलपूरच्या रस्त्याने घरी परतताना आमच्या मनात आमचे सरकारी जग आले. आमच्याकडे वयाची ५८ वर्षे भरली की त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्ती. ही तारीख नोकरीला लागतो त्या दिवसापासून ठरलेली असते. ती कुणाला अचानक कळते असे नाही. तरीही चार्ज दिला जातो तो शेवटच्या संध्याकाळी, शाल-श्रीफळ आणि नाश्त्याच्या गडबडीत. एका कार्यालयात आम्ही असेही पाहिले आहे की निवृत्त झालेल्या साहेबांच्या घरी पंधरा दिवसांनी माणूस धाडावा लागला. जमिनीखालच्या जलवाहिनीचा एक वाल्व नेमका कुठे गाडला गेला आहे, हे फक्त त्यांनाच ठाऊक होते. चार्ज रिपोर्टवर सह्या दोन्ही होत्या. नकाशा मात्र साहेबांच्या डोक्यातच राहिला होता.

मग ज्यांच्या हाताखाली लाख-दीड लाख माणसे काम करतात, ते आपला चार्ज कसा देतात? आम्हाला इतिहासाची आवड असल्याने आम्ही थोडे वाचन केले. त्यातून खानदेशातल्या अमळनेर गावी सुरू झालेल्या एका कंपनीची हकीकत आम्हाला फार शिकवून गेली. तीच येथे सांगायची आहे. पण बडोद्यात बसून ती सांगायची तर सुरुवात आपल्याच शहरापासून केली पाहिजे, कारण वारसदार घडवण्याचा एक मोठा प्रयोग इथेच झाला होता.

कवळाण्याचा गोपाळ आणि दिवाणसाहेब

१८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले. राज्याची घडी विस्कटलेली होती. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेत शोध सुरू झाला. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव निवडला गेला. कशाला आलास असे विचारल्यावर त्याने राज्य करायला आलो असे उत्तर दिले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. ती खरी असो वा पुढे रचलेली असो, एक मात्र पक्के : १८७५ च्या २७ मे रोजी दत्तक झालेल्या त्या बारा वर्षांच्या मुलाला धड लिहिता-वाचता येत नव्हते.

त्याच वर्षी दिवाण म्हणून आले राजा सर टी. माधवराव. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी परंपरेतले, म्हणजे घरी मराठी बोलणारे आणि मद्रासला शिकलेले. त्रावणकोर आणि इंदूर या दोन संस्थानांची दिवाणगिरी करून त्यांचे नाव देशभर झाले होते. महाराज वयात येईपर्यंत राज्याचा सारा कारभार त्यांच्या हाती होता.

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. दिवाणसाहेबांची सत्ता महाराजांच्या अज्ञानपणावर उभी होती. मुलगा जितका उशिरा शहाणा होईल, तितकी दिवाणगिरी लांबेल, असा हिशोब एखाद्याने केला असता. माधवरावांनी उलटा हिशोब केला. एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे महाराजांचे शिक्षण सोपवले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा सुरू झाल्या. सूत्रे हाती देण्याची वेळ जवळ आली तेव्हा माधवरावांनी स्वतः महाराजांपुढे राज्यकारभारावर व्याख्याने दिली. राजाने निर्णय कसा घ्यावा, प्रधानांशी कसे वागावे, प्रजेचा पैसा कसा जपावा, असे विषय होते. ही व्याख्याने 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. आमच्या भाषेत सांगायचे तर तो चार्ज रिपोर्टच होता. पण शेवटच्या संध्याकाळी घाईने लिहिलेला नव्हता, आणि त्यात नकाशाही होता.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीराव महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. त्यानंतर वर्षभराच्या आत माधवरावांनी दिवाणगिरी सोडली आणि ते मद्रासला परतले. पुढे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष झाले. बडोद्याच्या कारभारात ते पुन्हा आले नाहीत. शिकवलेला विद्यार्थी गुरूपेक्षा निराळ्या वाटेने गेला, कितीतरी पुढे गेला, आणि तसे जाऊ देण्यातच त्या शिकवण्याचे सार्थक झाले.

अमळनेरची गिरणी

आता सत्तर वर्षे पुढे आणि सुरतेवरून पूर्वेला जाऊ या. उधना सोडले की गाडी नंदुरबार घेत तापीच्या खोऱ्यातून अमळनेरला पोहोचते. आपल्या मांजलपूर-तरसालीच्या भागातल्या कितीतरी खानदेशी कुटुंबांची ही माहेरची वाट. अमळनेर म्हटले की सखाराम महाराजांचे संस्थान आठवते, प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी आठवतात, तत्त्वज्ञान मंदिर आठवते. २०२४ साली ९७ वे साहित्य संमेलन तिथेच भरले होते.

याच गावात २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांची 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी नोंदली गेली. प्रेमजींचे घराणे मूळचे धान्याच्या, विशेषतः तांदळाच्या व्यापारातले. खानदेशात भुईमूग पिकत होता. त्याच्या तेलापासून वनस्पती तूप बनवायचे, असा साधा धंदा. डब्यावर सूर्यफुलाचे चित्र. जोडीला कपडे धुण्याचा '७८७' नावाचा साबण. फाळणी झाली तरी प्रेमजी भारतातच राहिले आणि कारखाना चालत राहिला.

कंपनीचे शेअर गावातल्या लोकांनीही घेतले. त्यात व्यापारी होते तसे साधे नोकरदार आणि शेतकरीही होते. कंपनी गावातली, मालक ओळखीचा, म्हणून घेतलेले ते कागद घरातल्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली पडून राहिले. या कागदांकडे पुन्हा यायचे आहे.

ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजी अचानक वारले. त्यांचा धाकटा मुलगा अझीम त्या वेळी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत होता. वय २१. शिक्षण पुरे व्हायला थोडेच दिवस राहिले होते. आईचा फोन आला आणि पदवी अर्धवट टाकून तो परत आला.

कवळाण्याच्या गोपाळरावांना सहा वर्षे मिळाली, माधवराव मिळाले, इलियट मिळाले. अमळनेरच्या या वारसदाराला एक दिवसही मिळाला नाही. चार्ज देणारा माणूसच हयात नव्हता. तेल कुठून घ्यायचे, भुईमुगाचा दर केव्हा चढतो, कोणता आडत्या विश्वासाचा, हे सारे वडिलांच्या डोक्यात होते आणि त्यांच्याबरोबरच गेले. पहिल्या भागधारक सभेत एका भागधारकाने उठून सांगितले की हे काम तुझ्यासारख्या पोराचे नाही, तू आपले शेअर विकून कंपनी अनुभवी माणसांच्या ताब्यात दे. ही आठवण प्रेमजींनी पुढे अनेकदा सांगितली आहे. त्या सल्ल्यानेच आपण जिद्दीला पेटलो, असे ते सांगतात.

आम्हाला वाटते, त्या भागधारकाला दोष देऊ नये. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटले असते. आपले पैसे ज्याच्याकडे आहेत तो मालक गेला आणि गादीवर परदेशातून आलेला एक विद्यार्थी बसला, तर झोप कशी येणार? तयारीविना झालेल्या वारसाहक्काची किंमत फक्त वारसदार मोजत नाही; त्याच्यावर अवलंबून असलेला प्रत्येक माणूस ती मोजतो.

तरुण प्रेमजींनी कारखान्यात आधी मोजमाप आणले. शेतकऱ्याने आणलेला माल डोळ्यांनी आणि हाताने पाहून भाव ठरवण्याची जुनी रीत होती. त्याऐवजी दाण्यातल्या तेलाच्या प्रमाणावर भाव ठरू लागला. अंदाज एका माणसाच्या बोटांत असतो, मोजमाप कागदावर असते आणि कागद दुसऱ्याच्या हाती देता येतो. पुढे जे काही झाले त्याचे बीज आम्हाला इथे दिसते.

मग धंदे वाढत गेले. सत्तरच्या दशकात यंत्रांना लागणारे हायड्रॉलिक सिलिंडर आले. १९७७ मध्ये कंपनीच्या नावाचा संक्षेप होऊन 'विप्रो' हे नाव पुढे आले. त्याच सुमारास परदेशी भांडवलाविषयीच्या कायद्यामुळे आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी भारतातून निघून गेली आणि संगणकाच्या बाजारात जागा मोकळी झाली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी वनस्पती तुपाच्या कंपनीने संगणक बनवायला सुरुवात केली. तेव्हा हे ऐकून अमळनेरात लोक हसले असतील तर नवल नाही. त्याच दशकात आपल्या न्हाणीघरात 'संतूर' साबण आला. संगणकावरून कंपनी सॉफ्टवेअरकडे वळली, आणि ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात तिची नोंद झाली. त्याच सुमारास प्रेमजींनी अर्धवट राहिलेली स्टॅनफर्डची पदवीही पुरी केली, तीसहून अधिक वर्षांनी.

आणि ते ट्रंकेतले कागद? कंपनीने वेळोवेळी बोनस शेअर दिले. कधी एकास एक, कधी एकास दोन. एकाचे अनेक होत गेले. ज्यांनी विकले नाहीत, त्यांच्या नातवंडांची शिक्षणे झाली, घरे झाली. शेअरमुळे लक्षाधीश, कोट्यधीश झालेल्यांचे गाव म्हणून अमळनेरवर वर्तमानपत्रांनी रकाने भरले. आम्हाला त्यात पैशापेक्षा वेगळी गोष्ट दिसते. एकवीस वर्षांच्या मुलावर एका भागधारकाने अविश्वास दाखवला, तर या घरांनी काही न बोलता कागद जपून ठेवले. नव्या माणसाला वेळ द्यावा लागतो. अमळनेरने तो दिला.

त्रेपन्न वर्षांनंतर

३० जुलै २०१९ रोजी अझीम प्रेमजी विप्रोच्या कार्यकारी अध्यक्षपदावरून पायउतार झाले. १९६६ पासून मोजले तर त्रेपन्न वर्षे झाली होती आणि वयाची चौऱ्याहत्तर पुरी झाली होती. दुसऱ्या दिवसापासून थोरला मुलगा रिशद अध्यक्ष झाला.

बातमी एवढीच वाचली तर आपण म्हणू, बापानंतर बेटा, यात नवे काय? पण तारखा नीट पाहाव्यात. रिशद यांनी आधी बाहेरच्या कंपन्यांत नोकरी केली. २००७ मध्ये ते विप्रोत आले ते अध्यक्षाच्या खुर्चीवर नव्हे; वेगवेगळ्या विभागांत काम करत करत २०१५ मध्ये संचालक मंडळावर गेले. म्हणजे कंपनीत आल्यापासून अध्यक्ष होईपर्यंत बारा वर्षे. वडिलांना जो वेळ मिळाला नव्हता, तो त्यांनी मुलाला दिला.

दुसरी गोष्ट अशी की मालकी आणि रोजचा कारभार या दोन चाव्या प्रेमजींनी फार आधीच वेगळ्या केल्या होत्या. कंपनी चालवण्यासाठी घराबाहेरचे व्यवस्थापक नेमले. हा मार्ग सरळ मात्र नव्हता. विवेक पॉल २००५ मध्ये निघून गेले, तेव्हा काही काळ प्रेमजींनी स्वतःच धुरा उचलली. २००८ मध्ये गिरीश परांजपे आणि सुरेश वासवानी असे दोन संयुक्त मुख्य अधिकारी नेमले. २०११ च्या आरंभी ती पद्धत बंद करून टी. के. कुरियन यांना एकट्याला नेमले. त्यांच्यानंतर आबिदअली नीमचवाला, आणि २०२० मध्ये फ्रान्सचे थिएरी देलापोर्त आले. देलापोर्त मुदत पुरी होण्याआधीच २०२४ मध्ये गेले आणि १९९२ पासून विप्रोतच वाढलेले श्रीनिवास पलिया मुख्य अधिकारी झाले. बाहेरचा आणावा की घरचा वाढवावा, एक असावा की दोन, हे सगळे करून पाहिलेले दिसते. काही जमले, काही जमले नाही. एवढ्या मोठ्या कंपनीलाही हे गणित एका फटक्यात सुटत नाही, हे वाचून आमच्यासारख्या मंडळवाल्यांना जरा धीर येतो.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटते. मार्च २०१९ मध्ये, म्हणजे पद सोडण्याच्या काही महिने आधी, प्रेमजींनी आपल्या वाट्याचे आणखी ३४ टक्के शेअर धर्मादाय कामाला दिले. आधीचे धरून विप्रोच्या सुमारे ६७ टक्के भांडवलाचा लाभ आता त्यांच्या फाउंडेशनकडे जातो. त्या वेळच्या भावाने ती रक्कम १,४५,००० कोटी रुपयांच्या घरात होती. हा पैसा मुख्यतः सरकारी शाळांच्या शिक्षणासाठी लागतो. मुलाला खुर्ची मिळाली. पण खुर्चीबरोबर येणाऱ्या संपत्तीचा मोठा भाग गावोगावच्या शाळांकडे वळला. वडिलांकडून मुलाकडे जाते ते सगळेच्या सगळे घराचे नसते, हा विचार भारतातल्या उद्योगघराण्यांत सहज आढळत नाही.

शेजारच्या कथा

एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये म्हणून त्याच धंद्यातल्या आणखी तीन कंपन्या पाहू या.

मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसला, म्हणजे आपल्या टी.सी.एस.ला, फकीरचंद कोहली यांनी घडवले. पेशावरला जन्मलेले, टाटांच्या वीज कंपनीतले इंजिनियर. १९६९ मध्ये ते टी.सी.एस.मध्ये आले. १९९६ मध्ये त्यांनी सूत्रे एस. रामदोराई यांच्याकडे दिली. रामदोराई नागपूरला जन्मलेले आणि १९७२ पासून त्याच कंपनीत. ६ ऑक्टोबर २००९ रोजी रामदोराईंना ६५ वर्षे पुरी झाली आणि त्याच दिवशी एन. चंद्रशेखरन यांनी काम हाती घेतले. तेही १९८७ पासून कंपनीतच. वाढदिवस आणि निवृत्ती एकाच तारखेला. आमच्या खात्यालाही इतके चोख जमत नाही. आणि कोहलींनी पुढे काय केले? ते प्रौढ साक्षरतेच्या कामाला लागले. संगणकाच्या मदतीने निरक्षर माणसाला सुमारे चाळीस तासांत वर्तमानपत्र वाचता यावे, असा कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने तयार झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी ते गेले. हाती दुसरे चांगले काम असलेला माणूस जुन्या खुर्चीकडे वळून वळून पाहत नाही.

इन्फोसिसची नोंदणी जुलै १९८१ मध्ये पुण्यात झाली. सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजार रुपयांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. नारायण मूर्तींनी २००२ मध्ये मुख्य अधिकारीपद नंदन निलेकणींकडे दिले आणि ऑगस्ट २०११ मध्ये ६५ व्या वाढदिवशी अध्यक्षपदही सोडले. इथपर्यंत सगळे नमुनेदार होते. पुढे कंपनीची गती मंदावली आणि जून २०१३ मध्ये मूर्तींना परत बोलावण्यात आले. २०१४ मध्ये विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्य अधिकारी झाले आणि मूर्ती पुन्हा बाजूला झाले. नंतर संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यातले मतभेद वर्तमानपत्रांत येऊ लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये सिक्का गेले आणि निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवण्याची आमची पात्रता नाही. पण एवढे दिसते की पद सोडण्याची तारीख पाळणे हा अर्धाच भाग झाला. आपण वाढवलेल्या झाडाची फांदी दुसरा छाटत असताना पाहत राहणे, हा उरलेला अर्धा भाग फार जड जातो. ज्याने ते झाड रक्ताचे पाणी करून वाढवले, त्याला तर अधिकच.

आणि मराठी नाव हवे असेल तर पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्सचे आनंद देशपांडे. १९९० मध्ये त्यांनी कंपनी काढली. जवळपास तीस वर्षे ती चालवल्यावर २०१९ मध्ये मुख्य अधिकारीपदावर बाहेरून ख्रिस्तोफर ओ'कॉनर आले. ती जोडी फार काळ टिकली नाही. २०२० मध्ये संदीप कालरा आले आणि त्यांच्या काळात कंपनीची वार्षिक उलाढाल एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. देशपांडे अध्यक्ष राहिले. पहिली निवड टिकली नाही म्हणून त्यांनी सगळे पुन्हा आपल्या हाती घेतले नाही. दुसरा माणूस निवडला. मंडळातला नवा चिटणीस एका वर्षात गेला की "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" म्हणून जुनेच परत बसतात. त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

पुन्हा बडोद्यात

आता सयाजीराव महाराजांकडे परत येऊ. ज्यांना वारसदार म्हणून इतके उत्तम घडवले गेले, त्यांच्या स्वतःच्या वारसांचे काय झाले? युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्येच वारले. आणखी दोन पुत्रही महाराजांच्या डोळ्यांदेखत गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज गेले तेव्हा गादीवर नातू प्रतापसिंहराव आले. दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्यच उरले नाही, तर राजाचा वारसा तरी काय उरणार?

पण आपण आजूबाजूला पाहिले तर तो दिसतो. अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू झाला. १८९० चे कलाभवन, १९०८ ची बँक ऑफ बडोदा, १९४९ मध्ये उभे राहिलेले त्यांच्या नावाचे विद्यापीठ. यातली एकही संस्था कुणा युवराजाच्या हुशारीवर अवलंबून नव्हती.

ग्रंथालयांचे उदाहरण तर आमच्या विषयाला अगदी चपखल आहे. महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डेन नावाच्या ग्रंथपालाला १९१० मध्ये बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे करणे आणि गावोगावच्या वाचनालयांची व्यवस्था लावणे हे त्यांचे काम होते. ते इथे तीनच वर्षे राहिले. पण आल्याबरोबर त्यांनी स्थानिक मंडळींसाठी ग्रंथालयशास्त्राचा वर्ग सुरू केला. ते परत गेले तेव्हा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी काम हाती घेतले आणि ग्रंथालयांची चळवळ थांबली नाही, वाढली. परदेशी तज्ज्ञाच्या जाण्याने काम बंद पडले, असे आपण किती ठिकाणी पाहतो! इथे तसे झाले नाही, कारण बोर्डेनसाहेबांनी जाण्याची तयारी येतानाच केली होती.

आपला चोपडा

हे सगळे वाचून झाल्यावर श्रावणातल्या दुसऱ्या सभेत आम्ही काकांचा विषय पुन्हा काढला. आम्हाला सुचले ते असे मांडले. काकांनी जायचे की नाही हा प्रश्न आता मिटला आहे, त्यांनी सांगितले आहे. तेव्हा पुढच्या वर्षाचे नाव या वर्षीच ठरवावे, आणि ज्याचे नाव ठरेल त्याने यंदाचे दहाही दिवस काकांच्या शेजारी बसावे.

थोडी कुजबुज झाली. मग मकरपुऱ्यात एका खासगी कंपनीत हिशोब पाहणारी, आपल्यातलीच एक मुलगी म्हणाली, "मी बसते काका. पण मी संगणकावर लिहीन."

काका म्हणाले, "लिही बाई. पण चोपड्यात जे नाही ते आधी ऐकून घे."

आणि त्या संध्याकाळी कळले की चोपड्यात नसलेलेच किती आहे. मंडपवाल्याकडे किती डिपॉझिट पडून आहे. कोणते दुकानदार दरवर्षी साखर देतात पण पावतीवर नाव घालू देत नाहीत. कुणाच्या घरी यंदा दुःख झाले आहे म्हणून वर्गणीला जायचे नाही, पण प्रसाद मात्र आठवणीने पोहोचवायचा. कोणत्या आजी एकवीस रुपयेच देतात आणि ते सर्वांत आधी देतात. ती मुलगी लिहून घेत होती. दोन तास गेले तरी यादी संपली नव्हती. आमच्या त्या जलवाहिनीच्या वाल्वची आठवण आम्हाला पुनःपुन्हा येत होती. काका आणखी दोन वर्षे 'बघतो' म्हणाले असते आणि मध्येच काही झाले असते, तर हा सारा नकाशा त्यांच्याबरोबरच गेला असता.

शेवटी आम्ही भीत भीत एक अट घातली. पुढच्या वर्षी काकांनी आरतीला यायचे, मानाच्या खुर्चीवर बसायचे, विचारले तर सांगायचे; पण आपणहून चोपडा उघडायला मागायचा नाही. काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "चोपडा देणं सोपं आहे रे. हे दुसरं कठीण आहे. प्रयत्न करीन."

यंदा वर्गणीच्या पावतीवर आपल्याला दोन सह्या दिसतील. एक ओळखीची, एक नवी. नवी सही पाहून कुणी "काका कुठे आहेत?" असे विचारू नये, एवढीच विनंती. काका तिच्या शेजारीच बसलेले असतील.

गणपती बाप्पा मोरया!